ब्रिटनमधे एवढे पक्षीप्रेमी आहेत, मग हेन हॅरियर मारतं कोण आणि सरकार गप्प का?

प्रश्न थोडक्यात असा, की ब्रिटनमधे जिकडेतिकडे लोक मागच्या अंगणात पक्ष्यांना दाणे घालतात, तिथल्या आरएसपीबी या पक्ष्यांसाठीच्या संस्थेचे दहा लाखांवर सभासद आहेत, कायदे आहेत, पैसा आहे, टीव्हीवरचे निसर्गाचे कार्यक्रम तर घरोघरी बघतात, मग हेन हॅरियरसारखा संरक्षित शिकारी पक्षी बंदुकीने मारला कसा जातो आणि सरकार ते थांबवत का नाही. आणि जाता जाता तू हेही विचारलंस की एमएस्सी करून तिकडे या फील्डमधे यायचं तर हे राजकारण कळायला हवं का. हवं, त्याबद्दल शेवटी लिहिते.

मी उत्तर इंग्लंडमधे बरीच वर्षं इकॉलॉजिस्ट म्हणून काम करतेय. पोटापाण्याचं काम म्हणजे बांधकामाच्या आधीचे सर्वे, वटवाघळं, न्यूट (तळ्यातला पालीसारखा दिसणारा उभयचर), बॅजर (बिळं करून राहणारा काळ्या-पांढऱ्या तोंडाचा प्राणी) वगैरे, आणि वसंतात सुट्टीच्या दिवशी मूरवर, म्हणजे हेदरच्या बुटक्या झुडपांनी भरलेल्या उघड्या डोंगरमाळावर जाऊन शिकारी पक्ष्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या व्हॉलंटियर मंडळींबरोबर फिरणं. त्यामुळे मी काही तटस्थ नाही, हे आधीच सांगून ठेवते.

पहिली गोष्ट, डोक्यातून आपलं वनखातं काढून टाक. आपल्याकडे १९७२ चा कायदा आला, शिकार बंद झाली, जंगल बहुतेक सरकारचं, तिथे गार्ड, फॉरेस्टर, रेंजर अशी माणसं असतात आणि गुन्हा झाला तर तेच पंचनामा करतात, तेच आरोपी पकडतात. ते किती जमतं हा वेगळा विषय, पण सांगाडा तो आहे. ब्रिटनमधे हा सांगाडाच नाही. नॅशनल पार्क म्हटलं की आपल्याला ताडोबा आठवतं, तिथल्या नॅशनल पार्कात गावं आहेत, मेंढ्या आहेत, खाणीसुद्धा आहेत आणि बरीचशी जमीन खाजगी मालकीची. पीक डिस्ट्रिक्ट हे १९५१ सालचं पहिलं नॅशनल पार्क घे, तिथल्या डोंगरमाथ्याचा मालक पाणी कंपनी असू शकते, नॅशनल ट्रस्ट ही जुन्या वास्तू आणि जमिनी सांभाळणारी संस्था असू शकते, एखादा ड्यूक किंवा लंडनमधे पैसा कमावलेला फंडवालाही असू शकतो. इंग्लंडची साधारण निम्मी जमीन एक टक्क्याहून कमी लोकांकडे आहे असा हिशोब तिथे सांगितला जातो. नॅचरल इंग्लंड ही सरकारी संस्था लायसन्स देते, सल्ला देते, संरक्षित जागांवर देखरेख ठेवते, पण पक्षी मेला की तपास पोलिसांचा, आणि वाइल्डलाइफ क्राइम बघणारा पोलिस अधिकारी बऱ्याच ठिकाणी बाकीची ड्युटी सांभाळून हे करतो. आणि तिथे शिकार कायदेशीर आहे, नुसती कायदेशीर नाही तर धंदा आहे, प्रतिष्ठा आहे, कितीतरी खेड्यांत रोजगार आहे. हे एवढं पक्कं बसलं की पुढचं सगळं सोपं जातं.

आता हेन हॅरियर. आपल्याकडे हिवाळ्यात सोलापूर, सासवडच्या माळांवर भोवत्या येतात ना, पांढुरका आणि माँटेग्यूचा, त्यांच्याच कुळातला हा. नर फिकट राखाडी, मादी तपकिरी, शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा, जमिनीलगत डुलत डुलत उडतो आणि अचानक गवतात पडतो. घरटं जमिनीवरच, हेदरच्या दाट झुडपात. एप्रिलमधे नर आकाशात गटांगळ्या खात वर-खाली जातो ते बघायला लोक थंडीवाऱ्यात तासन्‌तास उभे राहतात, मीही राहते. खातो काय, तर उंदरांसारखे व्होल, पिपिटसारखे छोटे पक्षी, आणि जूनमधे घरट्यात पिल्लं भुकेली असताना रेड ग्राऊसची पिल्लं. सगळी भानगड या शेवटच्या वाक्यात आहे.

रेड ग्राऊस हा तित्तिरासारखा दिसणारा जंगली पक्षी. फेझंट तिथे पिंजऱ्यात वाढवून दरवर्षी कोट्यवधी सोडतात, पण ग्राऊस असा वाढवता येत नाही, म्हणून मग अख्खा डोंगरच त्याच्यासाठी वाढवायचा. हेदर पट्ट्यापट्ट्याने जाळायचं म्हणजे कोवळे कोंब येतात, पोटातल्या जंतांवर औषध लावलेले खडे जागोजागी ठेवायचे, कोल्हे, कावळे, स्टोट (मुंगसासारखा छोटा शिकारी प्राणी) मारायचे, हे सगळं करायला पगारी माणूस, म्हणजे गेमकीपर. आणि मग १२ ऑगस्टला सीझन उघडतो तो १० डिसेंबरपर्यंत. हाकारे लोक ओळीने झेंडे फडकवत हाका घालत येतात, पक्षी जोरात उडून पुढे दगडामातीच्या आडोशांमागे बसलेल्या बंदूकवाल्यांच्या डोक्यावरून जातात, आणि ते पाडायचे. १९१५ साली १२ ऑगस्टला लँकेशरमधल्या लिटलडेल आणि ॲबीस्टेडच्या मूरवर आठ जणांनी एका दिवसात २,९२९ ग्राऊस मारले होते. आज एवढे नाही पडत, पण एका दिवसाच्या या शिकारीला एका माणसाचे हजारो पौंड जातात, आणि खरी मेख म्हणजे मूर विकायला निघतो तेव्हा किंमत ठरते ती तिथे वर्षाला सरासरी किती जोड्या पडतात त्यावर. म्हणजे हॅरियरने ग्राऊसची पिल्लं खाल्ली की मालकाची नुसती एका सीझनची मजा जात नाही, मालमत्तेची किंमत उतरते. हे लक्षात न घेता लोक विचारतात की एवढ्याशा पक्ष्याचा एवढा राग का!

आणि हॅरियरमुळे ग्राऊस कमी होतात ही गेमकीपर लोकांची नुसती बोंब आहे असं समजू नकोस. स्कॉटलंडमधे लँगहोम नावाच्या मूरवर १९९२ ते १९९७ दोन्ही बाजूंनी मिळून प्रयोग केला, हॅरियरला खरोखरच हात लावायचा नाही असं ठरवलं. माद्या दोनाच्या वीस झाल्या. शिकारीला ग्राऊसच उरले नाहीत, शूटिंग बंद पडलं, गेमकीपर लोकांच्या नोकऱ्या गेल्या. बघा, आम्ही काय सांगत होतो, असं एका बाजूने म्हटलं. बघा, कायदा पाळला तर हॅरियर किती वाढतात, म्हणजे बाकी सगळीकडे तुम्ही मारताय, असं दुसऱ्या बाजूने म्हटलं. दोघांचंही बरोबर होतं, तेच तर अवघड आहे. आणि पुढची गंमत म्हणजे गेमकीपर गेल्यावर कोल्हे वाढले, जमिनीवरची घरटी उघडी पडली आणि हॅरियरही परत मोजकेच राहिले. हे पक्षीप्रेमी मंडळी सांगताना जरा घाईत सांगून टाकतात. तसंच नॉर्थंबरलँडमधल्या ऑटरबर्नला २००० ते २००८ एक प्रयोग झाला, त्यात कोल्हे-कावळे आवरले तर कर्ल्यू, लॅपविंग, गोल्डन प्लोव्हर या जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांचं पिल्लं जगवण्याचं प्रमाण साधारण तिप्पट झालं. कर्ल्यू म्हणजे कोकणातल्या खाडीत हिवाळ्यात दिसतो तो लांब वाकड्या चोचीचा, तीच जात, जगातले साधारण पाव कर्ल्यू ब्रिटनमधे घरटी करतात आणि भराभर कमी होतायत. त्यामुळे कोणी गेमकीपर मला म्हणतो की मी नसतो तर इथे कर्ल्यू ऐकू आला नसता, तेव्हा मी वाद घालत नाही, कारण त्याचं खरं असतं. पण कर्ल्यू जगवलास म्हणून हॅरियर मारायची सूट मिळत नाही ना बाबा, कायदा असा वजाबाकीवर चालत नाही.

कायदा म्हणजे १९८१ चा वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड ॲक्ट. त्यात हॅरियरला सगळ्यात वरच्या दर्जाचं संरक्षण आहे, नुसतं घरट्याजवळ जाऊन त्रास दिला तरी गुन्हा. कागदावर एकदम कडक. पण पुरावा आणायचा कुठून? मूर म्हणजे मैलोनमैल मोकळा डोंगर, माणूस नाही, रात्री पक्षी हेदरमधे जमिनीवर झोपतात, बंदूक घेऊन फिरणं हे गेमकीपरचं रोजचं कामच, त्यामुळे तो तिथे का होता असं विचारायची सोय नाही, आणि मेलेला पक्षी पुरून टाकला की संपलं. म्हणून सॅटेलाइट टॅग, म्हणजे पक्षी कुठे आहे ते उपग्रहामार्फत कळवणारं छोटं यंत्र, पक्ष्यांना लावायला लागले. हे टॅग चांगले टिकाऊ असतात, बिघडायचे असले तर आधी लक्षणं दिसतात, पक्षी आपोआप मेला तर टॅग तिथूनच सिग्नल देत राहतो आणि जाऊन मृतदेह उचलता येतो. पण व्यवस्थित चाललेला टॅग एका क्षणी गप्प, आणि मृतदेहही नाही, टॅगही नाही, असं एकदा झालं तर योगायोग म्हणू, पुन्हा पुन्हा तेच आणि तेही त्याच प्रकारच्या जागी? नॅचरल इंग्लंडनेच २००७ ते २०१७ टॅग लावलेल्या ५८ हॅरियरचा अभ्यास २०१९ मधे छापून आला, त्यात ७२ टक्के पक्षी बेकायदा मारले गेले हे एकतर सिद्ध झालं होतं किंवा तसं असण्याची दाट शक्यता होती, आणि ग्राऊसच्या मूरवर असताना पक्षी मरण्याची किंवा गायब होण्याची शक्यता इतर ठिकाणापेक्षा दहापट. सरकारच्या संस्थेचा डेटा आहे हा, कुणा चळवळवाल्याचा नाही.

आकडे बघ. इंग्लंडच्या डोंगराळ भागात हॅरियरच्या तीनशेहून जास्त जोड्या राहू शकतील असा अंदाज सरकारी पातळीवरच मांडला गेलाय. २०१३ मधे इंग्लंडमधे एकही घरटं यशस्वी झालं नाही, शून्य. २०२३ मधे ५४ घरटी आणि १४१ पिल्लं उडाली, कित्येक दशकांतला सगळ्यात चांगला आकडा, वर्तमानपत्रांत पेढे वाटल्यासारख्या बातम्या, आणि २०२४ मधे ३४ घरटी, ८० पिल्लं. २०२३ च्या देशव्यापी मोजणीत अख्खं युनायटेड किंगडम आणि आयल ऑफ मॅन मिळून ६९१ जोड्या निघाल्या, त्यातल्या बहुतेक स्कॉटलंडच्या. ऑर्कनी बेटांवर हाका घालून ग्राऊस मारायचा प्रकार नाही आणि तिथे हॅरियर बऱ्यापैकी सुखात आहेत, आता याचा अर्थ काय तो ज्याचा त्याने काढावा.

मग कोर्टात काय होतं? एखाद्या माणसाला शिक्षा द्यायची तर त्याच माणसाने, त्याच दिवशी, तोच पक्षी मारला हे संशयाच्या पलीकडे सिद्ध करावं लागतं. स्कॉटलंडमधे २०१३ साली एक हॅरियर गोळी घालून पाडतानाचं चित्रीकरण आरएसपीबीच्या लपवलेल्या कॅमेऱ्यात झालं, चार वर्षं केस रेंगाळली आणि २०१७ मधे सरकारी वकिलांनी ती सोडून दिली, कारण खाजगी जमिनीवर परवानगीशिवाय लावलेल्या कॅमेऱ्याचा पुरावा चालणार नाही. लोक इतके भडकले होते की काय सांगू. शिवाय सापडलाच तर सापडतो तो पगारी गेमकीपर. त्याचं राहतं घर मालकाचं, नोकरी मालकाची, ग्राऊसचा आकडा आला नाही तर पुढच्या वर्षी दुसरा माणूस. मालकाने तोंडाने काहीच सांगितलेलं नसतं, सांगायची गरजच नसते. स्कॉटलंडने २०१२ पासून मालकालाही जबाबदार धरायची तरतूद आणली, इंग्लंडने आजपर्यंत नाही आणली.

इंग्लंडसाठी सरकारने २०१६ मधे जो हॅरियर बचाव आराखडा आणला त्यातला गाजलेला भाग म्हणजे ब्रूड मॅनेजमेंट. म्हणजे मूरवर एकमेकांच्या जवळ दोन घरटी झाली तर त्यातली पिल्लं उचलायची, पिंजऱ्यात वाढवायची आणि मोठी झाल्यावर परत डोंगरात सोडायची, जेणेकरून ऐन भुकेच्या दिवसांत ग्राऊसची पिल्लं वाचतील आणि मालक लोक हॅरियर सहन करायला शिकतील. आरएसपीबी कोर्टात गेली, २०१९ मधे हरली. मला ही कल्पना कधीच पटली नाही. चोर चोरी करतोय म्हणून घरातले दागिनेच त्याच्या सोयीने हलवत बसायचं, असा प्रकार. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर त्याच काळात घरट्यांचा आकडा वाढला हेही खरं आहे, काही मूरवर वर्षानुवर्षांत पहिल्यांदा हॅरियर शांतपणे नांदू दिले गेले, आणि त्याच वेळी टॅग लावलेले पक्षी हिवाळ्यात गायब होणं काही थांबलं नाही. प्रयोग आता बंद झालाय. शूटिंगवाले म्हणतात, यशस्वी गोष्ट बंद केली. मी म्हणते की पिल्लं वाढवण्यात ते यशस्वी होतेच, प्रश्न पिल्लू डोंगरावरून उडून शेजारच्या इस्टेटीवर गेल्यावर पुढे काय, हा होता.

आता सरकार का कचरतं. २०१६ मधे मार्क ॲव्हरी यांच्या अर्जावर, म्हणजे हाका घालून ग्राऊस मारायचा प्रकार बंद करा या ऑनलाइन याचिकेवर, १,२३,०७७ सह्या झाल्या. ॲव्हरी आधी आरएसपीबीत संवर्धन विभागाचे प्रमुख होते, त्यामुळे त्यांना आतलं सगळं माहीत. लाखावर सह्या झाल्या की संसदेत चर्चा होऊ शकते, ती ३१ ऑक्टोबरला झाली आणि ज्यांनी लाइव्ह बघितली ते अजून शिव्या घालतात, कारण बोलणारे बहुतेक खासदार मूरच्या भागातले, शूटिंगच्या बाजूचे, आणि अशा चर्चेत मतदान वगैरे नसतंच. २०२५ च्या जूनमधे तशाच याचिकेवर परत चर्चा झाली, या वेळी सरकार लेबरचं म्हणजे मजूर पक्षाचं, आणि उत्तर तेच, बंदीचा विचार नाही.

लेबर तरी का घाबरतं, हे कळायला मागे जावं लागतं. टोनी ब्लेअरच्या काळात कुत्र्यांनी कोल्ह्याची शिकार करायच्या प्रकारावर बंदी आणायला संसदेचे शेकडो तास गेले, २००२ मधे लंडनच्या रस्त्यांवर चार लाख माणसं मोर्चाला उतरली, शेवटी २००४ मधे लॉर्ड्सच्या सभागृहाला डावलून कायदा करावा लागला. त्या जखमेची आठवण पक्षात अजून आहे. त्यात २०२४ मधे लेबरने कधी नव्हे त्या ग्रामीण जागा जिंकल्या आणि लगेच शेतजमिनीवरच्या वारसा कराने शेतकरी ट्रॅक्टर घेऊन लंडनला आले. आता अशा वेळी कुठला मंत्री म्हणेल की चला, शूटिंगला पण हात घालू? मतांचा साधा हिशोब आहे, हॅरियरसाठी मत बदलणारा माणूस शहरात राहतो आणि तो तसाही ज्याला द्यायचं त्यालाच मत देतो, आणि शूटिंगसाठी मत बदलणारा नेमका अटीतटीच्या मतदारसंघात राहतो. आपल्याकडे ऊसपट्ट्यातल्या आमदाराला पाण्याच्या हिशोबाबद्दल विचारून बघ, मग कळेल मी काय म्हणतेय.

संस्थांचंही सोपं नाही. आरएसपीबी सुरू झाली १८८९ मधे, टोप्यांवर पिसं लावायच्या फॅशनसाठी पक्षी मारले जायचे त्याविरुद्ध, बायकांनी सुरू केली. १९०४ मधे राजाची सनद मिळाली आणि त्या सनदेतच आहे की शिकारीच्या पक्ष्यांच्या कायदेशीर खेळाबद्दल संस्थेने बाजू घ्यायची नाही, फक्त त्याचा इतर पक्ष्यांवर परिणाम होत असेल तरच बोलायचं. शिवाय धर्मादाय संस्था म्हणून पक्षीय राजकारण निषिद्ध. २०२३ च्या ऑगस्टमधे संस्थेच्या अकाउंटवरून पंतप्रधान सुनक आणि दोन मंत्र्यांना नद्यांच्या प्रदूषणाचे नियम सैल करण्यावरून चक्क 'खोटारडे' म्हटलं गेलं, किती गदारोळ झाला, दुसऱ्याच दिवशी माफी मागावी लागली. त्यामुळे आरएसपीबी बंदी मागत नाही, लायसन्स मागते. बंदी मागणारे म्हणजे वाइल्ड जस्टिस, क्रिस पॅकम, ॲव्हरी आणि रूथ टिंगे यांनी २०१९ मधे काढलेली छोटी संस्था, त्यांचं हत्यार म्हणजे कोर्ट. पहिल्याच वर्षी त्यांनी कावळे-कबुतरं सरसकट मारायच्या जनरल लायसन्सवर बोट ठेवलं, नॅचरल इंग्लंडला ती तडकाफडकी मागे घ्यावी लागली, ऐन पेरणीच्या दिवसांत शेतकरी हैराण, आणि पॅकमच्या घराच्या गेटवर कुणीतरी मेलेले कावळे टांगले. २०२१ मधे त्याच गेटपाशी गाडी पेटवली. टीव्हीवर गोड आवाजात पक्ष्यांबद्दल बोलणाऱ्या माणसाच्या बाबतीत हे होतं, यावरून ताप किती चढलाय ते समज. मला स्वतःला तो लायसन्सचा बार जरा चुकीच्या वेळी काढलेला वाटला, कायद्याने बरोबर होता पण ज्यांना आपल्या बाजूला आणायचं त्या शेतकऱ्यांनाच दुखावलं.

खरी हालचाल झाली ती स्कॉटलंडमधे, वन्यजीवांचा विषय तिथल्या संसदेकडे आहे म्हणून. आणि तीही हॅरियरमुळे नाही, गोल्डन ईगलमुळे! २०१७ मधे सरकारने करून घेतलेल्या अभ्यासात टॅग लावलेल्या १३१ गरुडांपैकी ४१ संशयास्पद रीतीने गायब निघाले. गरुड म्हटल्यावर अख्ख्या देशाची मान खाली गेली, मग ग्राऊसच्या मूरचा कारभार तपासायला प्राध्यापक वेरिटी यांची समिती बसली, आणि शेवटी २०२४ च्या मार्चमधे कायदा झाला. आता ग्राऊस मारायला मूरला लायसन्स लागतं आणि त्या जागी शिकारी पक्ष्याचा गुन्हा झाला असं अधिकाऱ्यांना वाटलं, तर लायसन्स काढून घेता येतं, त्यासाठी फौजदारी दर्जाचा पुरावा लागत नाही, दिवाणी पातळीचा चालतो. ही खरी कळ आहे. गेमकीपर कोण, गोळी कुणी घातली, हे सिद्ध करत बसायचं नाही, तुझ्या मूरवर झालं ना, मग धंदा बंद, असं मालकाला सांगता येतं. अर्थात वकील मंडळी काय स्वस्थ बसतात होय? कायद्याच्या शब्दांतून त्यांनी लगेच वाट काढली की लायसन्स अख्ख्या इस्टेटीचं घ्यायची गरजच नाही, जिथे ग्राऊस प्रत्यक्ष मारतात तेवढ्याच तुकड्याचं घेतलं तरी चालतं, आणि २०२४ च्या शेवटी नेचरस्कॉट या तिथल्या सरकारी निसर्गसंस्थेने ते मान्यही केलं. म्हणजे त्या तुकड्याबाहेर गरुड मेला तर? ते भोक बुजवायचं काम त्यानंतर सुरू झालं. तरीसुद्धा माझं मत विचारशील तर बंदीपेक्षा हाच रस्ता बरा, कारण बंदी आली की गेमकीपर जातील, कर्ल्यूचं काय करायचं याचं उत्तर कुणाकडे तयार नाही, आणि मालक त्या डोंगरावर झटपट स्प्रूसची झाडं लावून कार्बनचे पैसे घेतील, जे हॅरियर आणि कर्ल्यू दोघांनाही नको. लँगहोमचं मात्र वेगळंच झालं, शूटिंग बंद पडलेला तो मूर गावकऱ्यांनीच वर्गणी काढून २०२१ आणि २०२२ मधे दोन टप्प्यांत ड्यूककडून विकत घेतला, दहा हजार एकरांवर. असं सगळीकडे जमणार नाही, पण जमीन गावाची झाली की भांडणच बदलतं.

हे फक्त हॅरियरचं आहे असं नको समजूस. बॅजरचं उदाहरण तर शास्त्र आणि राजकारण कसं टकरावतं याचं आणखी उघड. गुरांच्या टीबीमुळे दरवर्षी हजारो गाई मारल्या जातात, शेतकरी अक्षरशः रडतो, आणि बॅजरमधेही तो जंतू असतो. १९९८ पासून मोठा प्रयोग झाला, सुमारे ११,००० बॅजर मारून बघितले, २००७ मधे शास्त्रज्ञांच्या गटाने स्वच्छ सांगितलं की याने गुरांच्या टीबीवर म्हणण्यासारखा फायदा नाही, उलट मारलेल्या भागाच्या कडेला टीबी वाढतो कारण उरलेले बॅजर विस्कटून दूरवर भटकायला लागतात. तरी २०१३ मधे सॉमरसेट आणि ग्लॉस्टरशरमधे मारणं सुरू झालंच, आणि ठरलेला आकडा गाठला गेला नाही तेव्हा मंत्री महाशय म्हणाले की बॅजरांनी गोलपोस्टच हलवले. पुढच्या दहा वर्षांत २,३०,००० च्या वर बॅजर मारले गेले. नंतरच्या काही अभ्यासांत मारलेल्या भागात टीबी उतरलेला दिसला, पण त्याच काळात गुरांच्या तपासण्याही कडक झाल्या होत्या, त्यामुळे श्रेय कुणाचं यावर अजून हाणामारी. लेबरने २०२४ मधे जाहीर केलं की ही संसद संपेपर्यंत हे मारणं संपवू. बघू.

आणि माझं रोजचं काम, त्यातही हेच. बोरिस जॉन्सनने न्यूट मोजत बसल्यामुळे देश मागे पडतो असं म्हटलं होतं, आता लेबरचे मंत्री वटवाघळांचं नाव घेतात, हायस्पीड रेल्वेसाठी बकिंगहॅमशरमधे वटवाघळांकरता दहा कोटी पौंडांच्या वर खर्चाचं लांबलचक छत बांधायला घेतलं त्याचा दाखला देतात. ते छत मलाही जास्तच वाटतं खरं सांगायचं तर. पण त्या एका उदाहरणावर २०२५ मधे प्लॅनिंगचं विधेयक असं आणलं की बिल्डरने प्रत्येक जागेवर न्यूट-वटवाघूळ शोधत बसण्याऐवजी एका निधीत पैसे भरायचे आणि नॅचरल इंग्लंड ते कुठेतरी एकत्रित खर्च करेल. न्यूटच्या बाबतीत जिल्हा पातळीवर असं आधीपासून चालतं आणि बरं चालतं, तळी नवी खोदता येतात. शेकडो वर्षांचं जुनं जंगल कुठून खोदणार? त्याआधीच, फेब्रुवारी २०२४ पासून, प्रत्येक मोठ्या बांधकामाला निसर्गाची किंमत दहा टक्के वाढवून द्यायची आणि ती तीस वर्षं टिकवायची असा नियम आलाय, त्याचे तक्ते भरताना आमचा जीव जातो आणि तीस वर्षांनी ते बघायला कोण येणार हे कुणी विचारत नाही.

तर तुझा दुसरा प्रश्न. हो, ये, पण पहिली दोन वर्षं हॅरियर वगैरे विसर, काम मिळतं ते कन्सल्टन्सीत आणि सीझनल असतं, मे ते सप्टेंबर वटवाघळांचे सर्वे, म्हणजे संध्याकाळी एखाद्या पडक्या गोठ्याबाहेर कॅमेरा लावून बसायचं, आणि मार्चपासून जूनपर्यंत तळ्यांवर न्यूट. गाडी चालवता आलीच पाहिजे, तिथलं ड्रायव्हिंग लायसन्स नसेल तर अर्ध्या जाहिराती बाद. सीआयईईएम ही व्यावसायिक संस्था आहे तिची विद्यार्थी मेंबरशिप आधीच घे. मुलाखतीत शूटिंगवर मत विचारलं तर लाजू नकोस पण भाषण पण देऊ नकोस, समोर बसलेल्याचा भाऊ गेमकीपर असू शकतो आणि पुढच्या आठवड्यात त्याच इस्टेटीचं गेट तुला उघडून हवं असतं. आणि स्थानिक रॅप्टर ग्रूपमधे, म्हणजे शिकारी पक्ष्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या त्या व्हॉलंटियर मंडळींत नाव नोंदव, तिथली म्हातारी मंडळी बोलायला कडू पण कामाला चोख असतात, एप्रिलमधे लँकेशरमधल्या बोलंडच्या डोंगरात नर हॅरियर दाखवायला घेऊन जातील. थर्मल, वॉटरप्रूफ आणि डबा स्वतःचा न्यायचा, कारण तिथे वर चहाची टपरी नाही.